प्रश्नामागून आलेले गणित

साहित्याची किंवा इतिहासाची पदवी घेतलेले, पण पुढे वित्तक्षेत्रात जाऊ पाहणारे तरुण अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात : गणित आणि संगणकाची आज्ञावली लिहिण्याची विद्या आपली आपणच मिळवायची असेल, तर सुरुवात कोठून करावी? उत्तरादाखल त्यांच्या हाती बहुधा एक यादी पडते. आधी कलनशास्त्र, मग रेषीय बीजगणित, मग संभाव्यता, मग संख्याशास्त्र; शेजारच्या रकान्यात पायथन आणि त्याच्या सोबतीला आणखी दोन-चार नावे. यादी चुकीची नसते. तिच्यातला प्रत्येक विषय केव्हा ना केव्हा लागतोच. तरीही ती घेऊन बसलेला विद्यार्थी पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थबकतो, आणि थबकल्यावर दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. आपण भाषेची माणसे, हा आपला प्रांत नव्हे, असे तो म्हणतो. आणि आम्ही शिक्षक मंडळी सहानुभूतीने मान डोलावतो.

या मान डोलावण्याविषयीच आम्हाला शंका आहे. विसाव्या शतकात ज्यांनी गणित आणि संगणक बाजाराच्या दारी नेले, त्यांतले काही प्रमुख लोक त्या वाटेवर स्वयंशिक्षित होते. त्यांना यादी कोणी दिली नव्हती. देणे शक्यही नव्हते, कारण तो विषयच तेव्हा जन्माला आलेला नव्हता. मग ते शिकले कसे? या लोकांच्या आयुष्यांत डोकावले, तर एक गोष्ट सारखी दिसत राहते. त्यांच्या शिक्षणाचा क्रम आजच्या यादीच्या नेमका उलटा होता. प्रश्न आधी आला; त्याच्या मागून, त्याला लागेल तेवढे आणि लागेल तेव्हा, गणित आले. प्रस्तुत लेखात हा उलटा क्रम आम्हाला थोडा तपशिलाने पाहायचा आहे.

एकवीसचा खेळ

एडवर्ड थॉर्प यांचा जन्म १९३२ सालचा, शिकागोचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंब कॅलिफोर्नियात आले. आईवडील दोघेही कामाच्या पाळ्यांत अडकलेले, आणि मुलगा बराचसा स्वतःच्या सोबतीत वाढलेला. रसायने, रेडिओ, स्फोटके असे जे हाती लागेल ते पुस्तकातून वाचायचे आणि करून पाहायचे, ही त्याची सवय त्याच काळातली. पुढे त्यांनी भौतिकशास्त्र घेतले. त्यात पुंजयामिकीसाठी अधिक गणित लागते असे दिसले, म्हणून ते गणिताकडे वळले आणि १९५८ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची गणितातील पीएचडी त्यांनी मिळवली. म्हणजे गणितात ते स्वयंशिक्षित नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. संगणक आणि वित्त हे दोन्ही मात्र त्यांना कोणी शिकवले नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पत्नीसह लास व्हेगासला गेले. जाताना त्यांनी एक छोटे टाचण बरोबर घेतले होते. ब्लॅकजॅक, म्हणजे एकवीसचा पत्त्यांचा खेळ, कसा खेळला असता कमीत कमी नुकसान होते, यावर अमेरिकी सैन्यातील चार जणांनी साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर हिशेब करून १९५६ साली एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला होता. टाचण त्यावरून केलेले होते. थॉर्प दहा चांदीचे डॉलर घेऊन बसले आणि साडेआठ हरून उठले. परतल्यावर त्यांनी मूळ लेख शोधून बारकाईने वाचला.

त्या वाचनात त्यांना लेखातले एक गृहीतक खटकले. चौघांनी हिशेब करताना प्रत्येक वेळी पत्त्यांचा पूर्ण जोड गृहीत धरला होता. प्रत्यक्ष खेळात तसे नसते. एकदा वाटलेला पत्ता त्या फेरीत परत येत नाही. म्हणजे उरलेल्या पत्त्यांत कोणते पत्ते आहेत यावर पुढच्या डावाची संभाव्यता बदलत जाते. खेळाला आठवण असते, असे म्हणता येईल. मग एखादा विशिष्ट पत्ता संपला असेल, तर बाजू कोणाकडे झुकते? थॉर्प यांना हवा असलेला प्रश्न हा.

प्रश्न नेमका होता, पण त्याला लागणारी आकडेमोड हाताने संपणारी नव्हती. १९५९ साली ते एमआयटीत अध्यापनासाठी गेले. तेथे आयबीएम ७०४ नावाचा संगणक होता. तो वापरायचा तर फोर्ट्रान ही भाषा यायला हवी. ती आपल्याला येत नाही, तेव्हा शिकू, इतक्या साध्या कारणाने त्यांनी ती एकट्याने शिकून घेतली. आज्ञा छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर लिहायच्या, गठ्ठा यंत्राच्या हवाली करायचा आणि उत्तराची वाट पाहायची. चूक निघाली तर ती शोधून पुन्हा रांगेत उभे राहायचे. संपूर्ण आज्ञावली एका दमात न लिहिता त्यांनी तिचे लहान लहान भाग पाडले, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासला आणि मगच ते जोडले. आज हीच पद्धत पाठ्यपुस्तकात नियम म्हणून शिकवतात. थॉर्प यांच्या बाबतीत ती गरजेतून आली.

उत्तर आले तेव्हा दिसले, की जोडातील चारही पंजे आधीच संपले असतील, तर उरलेल्या पत्त्यांत खेळणाऱ्याची बाजू सुमारे ३.३ टक्क्यांनी वरचढ होते. हा निष्कर्ष प्रतिष्ठित शास्त्रीय नियतकालिकात छापायचा, तर राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्याची शिफारस आवश्यक होती. एमआयटीच्या गणितज्ञांत असे सदस्य एकच : माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन. १९६०च्या नोव्हेंबरात दोघांची भेट झाली. शॅनन यांनी लेख तपासला आणि शीर्षकातला एक शब्द बदलायला सुचवले. 'जिंकण्याची रीत' ऐवजी 'अनुकूल रीत' म्हणावे. साहित्याच्या वाचकांनी या एका शब्दापाशी क्षणभर थांबावे असे आम्हाला वाटते. जिंकण्याचे वचन आणि अनुकूलतेचे विधान यांत जे अंतर आहे, तेच संभाव्यतेच्या साऱ्या शास्त्राचे मर्म आहे. थॉर्प ते गणितातून जाणत होते. पण ते भाषेतही अचूक उतरले पाहिजे, हा आग्रह त्यांना एका संपादकवृत्तीच्या गणितज्ञाकडून मिळाला. लेख १९६१ साली छापून आला आणि १९६२ साली 'बीट द डीलर' हे पुस्तक.

शॅनन यांनी आणखी एक वाचन त्यांच्यापुढे ठेवले. जॉन केली यांनी १९५६ साली बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात लिहिलेला निबंध. बाजू अनुकूल असतानाही प्रत्येक वेळी किती लावायचे, याचे गणित त्यात होते. कारण बाजू अनुकूल असूनही अति लावणारा माणूस नादार होऊ शकतो. पैशाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बाजाराकडे

पुस्तकाच्या मानधनातून आणि खेळातून थोडे पैसे जमले, ते गुंतवावेत म्हणून थॉर्प यांनी एका कंपनीचे शंभर समभाग प्रत्येकी चाळीस डॉलरांना घेतले. भाव घसरत वीसवर आला. पैसे परत मिळेपर्यंत विकायचे नाही असे त्यांनी ठरवले. भाव पुन्हा चाळीसवर आला तेव्हा विकून ते मोकळे झाले. या व्यवहारातला नफा-तोटा त्यांच्या लेखी फारसा महत्त्वाचा नव्हता. आपण खरेदी केली होती त्या भावाला आपण बांधले गेलो, वास्तविक बाजाराला त्या आकड्याशी काहीही देणेघेणे नव्हते, हे त्यांना उमगले. ठेच लागली, आता तिच्यातून प्रश्न निघणार होता.

साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी लागोपाठ दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या बाजारावरचे वाचन करण्यात घालवल्या. बहुतेक वाचन निरुपयोगी ठरले. अखेर १९६५ साली सिडनी फ्रीड यांची वॉरंटवरची एक पुस्तिका हाती आली. वॉरंट म्हणजे एखाद्या कंपनीचा समभाग ठरावीक मुदतीपर्यंत ठरावीक भावाने घेण्याचा हक्क. समभागाचा भाव वर गेला की या हक्काची किंमत वाढते, खाली आला की घटते. एकाच कंपनीची ही दोन कागदे असल्याने त्यांच्या किमतींत काही नाते असलेच पाहिजे. मग ते सूत्रात का मांडता येऊ नये? थॉर्प यांना पत्त्यांच्या जोडासारखाच, कडा स्पष्ट असलेला प्रश्न पुन्हा सापडला होता.

त्याच वर्षी ते अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. तेथे शीन कासूफ नावाचे अर्थतज्ज्ञ याच विषयावर काम करत असल्याचे त्यांना कळले. दोघे मिळून विचार करू लागले. वॉरंट अवाजवी महाग दिसले तर ते विकायचे आणि त्याच वेळी योग्य प्रमाणात मूळ समभाग घ्यायचे. म्हणजे भाव वर गेला काय, खाली आला काय, एका बाजूचा तोटा दुसरी बाजू बऱ्याच अंशी भरून काढते. १९६७ साली या पद्धतीवर त्यांचे 'बीट द मार्केट' हे पुस्तक आले.

याच सुमारास थॉर्प एक पाऊल आणखी पुढे गेले. पॉल कूटनर यांनी १९६४ साली संपादित केलेल्या एका निबंधसंग्रहात वॉरंटच्या किमतीचे एक सूत्र होते, पण त्यात दोन अज्ञात राशी होत्या : समभाग किती दराने वाढेल, आणि भविष्यातील रक्कम आजच्या भावात आणताना कोणता दर लावायचा. दोन्ही ठरवणे अंदाजाचे काम. थॉर्प यांनी तर्क केला, की दोन्ही बाजू नीट तोलल्या तर जोखीम जवळजवळ उरत नाही. जोखीमच नसेल, तर दोन्ही ठिकाणी निर्धोक व्याजाचाच दर का लावू नये? सूत्र तयार झाले. सिद्धता त्यांच्याजवळ नव्हती. ते चालते, एवढा अनुभव होता. ते त्यांनी प्रसिद्ध केले नाही, वापरले. १९६९ साली त्यांनी एका भागीदारासह गुंतवणूकसंस्था काढली. पुढे 'प्रिन्स्टन न्यूपोर्ट पार्टनर्स' या नावाने ओळखली गेलेली ही संस्था जवळपास दोन दशके चालली.

पोस्टकार्डे आणि एक भाषांतर

कूटनर यांच्या ज्या संग्रहाचा वर उल्लेख आला, त्यातला सर्वांत जुना निबंध त्या वेळी चौसष्ट वर्षांचा होता, आणि तो इंग्रजीत प्रथमच येत होता. त्याची हकीकत स्वतंत्र सांगण्याजोगी आहे.

लुई बाशेलिए हे फ्रान्समधील ल आव्र बंदरातले, १८७० साली जन्मलेले. वडील मद्याचे व्यापारी. १८८९ साली आई आणि वडील दोघेही गेले आणि घरच्या पेढीचा भार अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मुलावर पडला. त्यानंतर लष्करी सेवा. १८९२ साली ते पॅरिसला शिकायला पोहोचले, तेव्हा त्यांच्या वयाचे हुशार विद्यार्थी नामवंत संस्थांतून पुढे निघून गेले होते. २९ मार्च १९०० रोजी त्यांनी 'सट्ट्याचा सिद्धान्त' या विषयावर प्रबंध सादर केला. बाजारातील भाव क्षणोक्षणी यदृच्छेने हलतो असे मानले, तर काळाबरोबर त्याच्या शक्यता कशा पसरत जातात, हे त्यांनी दाखवले. आणि हे पसरणे उष्णतेच्या वहनाच्या समीकरणानेच चालते, हेही. आइन्स्टाइन यांचा द्रवातील कणांच्या यदृच्छ हालचालीवरचा निबंध याच्यानंतर पाच वर्षांनी आला. प्रबंधाचे परीक्षण आँरी प्वँकारे यांनी केले, आणि कौतुकाने केले. तरी श्रेणी मिळाली ती सर्वोच्च नव्हे, तिच्या खालची. विषय रूढ गणिताच्या चौकटीत बसत नव्हता. बाशेलिए यांना कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळायला १९२७ साल उजाडले, तेही बझाँसोंसारख्या दूरच्या गावी. १९४६ साली ते वारले.

पुढे १९५०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांच्या हाती बाशेलिए यांचे १९१४ सालचे एक लहान पुस्तक आले. चकित होऊन त्यांनी ओळखीच्या अर्थतज्ज्ञांना पोस्टकार्डे लिहिली : हा माणूस कोणाला ठाऊक आहे का? त्यांतले एक कार्ड एमआयटीतल्या पॉल सॅम्युएलसन यांना मिळाले. त्यांनी ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा मूळ प्रबंधच सापडला. प्रबंध हातोहात फिरू लागला, जेम्स बोनेस यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि कूटनर यांनी ते छापले. त्या संग्रहाच्या वाचकांत एक थॉर्प होते.

स्वयंशिक्षण हा शब्द आपण फार एकाकी अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात 'आपले आपण' शिकलेल्या या माणसामागे किती जणांचे श्रम उभे आहेत पाहावे : टाकून न दिलेला एक प्रबंध, तो जपणारे ग्रंथालय, कुतूहलाने लिहिलेली पोस्टकार्डे, एक भाषांतरकार, एक संपादक. यांतले एकही काम वित्तीय गणिताच्या आजच्या यादीत येत नाही, आणि बहुतेक कामे आपल्या, म्हणजे भाषा आणि ग्रंथ यांच्या प्रांतातली आहेत. स्वयंशिक्षित माणसाला शिक्षक नसतो हे खरे. पण त्याला परंपरा लागते, आणि ती कोणीतरी जपून ठेवलेली असावी लागते.

सूत्राचा पाठ्यक्रम होतो तेव्हा

थॉर्प यांनी सूत्र जवळ ठेवले. ते जगापुढे दुसऱ्यांनी आणले. फिशर ब्लॅक यांची पदवी भौतिकशास्त्राची आणि पीएचडी उपयोजित गणिताची, हार्वर्डची. अर्थशास्त्राचे वा वित्ताचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. १९६५ साली एका सल्लागार कंपनीत नोकरीला असताना जॅक ट्रेनर या सहकाऱ्याशी झालेल्या चर्चांतून त्यांना या विषयाची गोडी लागली. १९६९ साली वॉरंटच्या किमतीचे एक विकलक समीकरण त्यांनी मांडले, आणि ते त्यांना सुटेना. ते उष्णतेच्या समीकरणाचेच एक रूप आहे, हे उपयोजित गणिताच्या या डॉक्टरांच्या ध्यानात आले नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. बाशेलिए यांनी हे नाते १९०० सालीच दाखवले होते. आपल्याला गणित येत नाही म्हणून खचणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रसंग जरूर सांगावा.

ब्लॅक यांनी ते कागद बाजूला ठेवले. मायरन शोल्स यांच्याशी भेट झाल्यावर दोघांनी मिळून उत्तर काढले. निबंध दोन नियतकालिकांनी नाकारला. अखेर त्यांतल्याच एकाने १९७३ साली तो छापला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोला ऑप्शनचा, म्हणजे अशा हक्कांच्या खरेदी-विक्रीचा, संघटित बाजार सुरू झाला. ब्लॅक यांनी निबंधाची प्रत थॉर्प यांना आधीच पाठवली होती. थॉर्प यांनी ते सूत्र आपल्या टेबलावरच्या एचपी गणकयंत्रावर चढवून पाहिले. उत्तरे त्यांच्या सूत्राशी जुळली. फरक सिद्धतेचा होता. ब्लॅक आणि शोल्स यांच्याकडे ती होती, म्हणून सूत्राला नाव त्यांचे मिळाले. आणि ते न्याय्यच झाले. १९९७ साली शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ब्लॅक हयात नव्हते.

यानंतर सूत्र पाठ्यपुस्तकात गेले. यात वाईट काही नाही. विद्या अशीच पसरते. परंतु पाठ्यपुस्तकातून सूत्र शिकणाऱ्याला उत्तर मिळते आणि प्रश्न मात्र मिळत नाही. सूत्र कोणत्या गृहीतांवर उभे आहे, त्यातले कोणते कधी मोडते, ही अस्वस्थता ते शोधणाऱ्याच्या मनात जिवंत असते. घोकणाऱ्याच्या मनात नसते. आपल्याकडच्या जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत करून घेत. हिशेबाला ती उपयोगी होती, पण पाढ्याने हिशेब बरोबर येतो की नाही एवढेच कळते. मुळात तो हिशेब खरा आहे का, हे कळत नाही.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. ऑप्शनच्या सिद्धान्तावर बेतलेल्या 'पोर्टफोलिओ विमा' पद्धतीत भाव पडला की विकायचे असा नियम होता. एकाने तो पाळला तर चालतो. अनेकांनी एकाच वेळी पाळला तेव्हा विकत घ्यायला समोर कोणी उरले नाही. त्या पडझडीचे हे एकमेव कारण नव्हते, पण तिला वेग देणाऱ्या कारणांत याची गणना होते. १९९८ साली तर शोल्स आणि मर्टन हे दोघे ज्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंटमध्ये भागीदार होते, तीच संस्था बुडायला आली आणि चौदा वित्तसंस्थांनी मिळून ३.६ अब्ज डॉलर घालून तिला सावरले. म्हणजे सूत्राचे कर्तेही सुरक्षित नव्हते. केली यांच्या निबंधातला धडा, बाजू अनुकूल असली तरी किती लावायचे हा, येथे पुन्हा आठवतो.

ताडून पाहणे

थॉर्प यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आम्हाला त्यांच्या सूत्राहून अधिक बोलका वाटतो. १९९१ साली एका संस्थेने आपली गुंतवणूक तपासण्याचे काम त्यांना दिले. त्यातला काही पैसा बर्नार्ड मॅडॉफ यांच्याकडे होता. दर महिन्याला नेमाने नफा, तोटा जवळपास नाहीच. थॉर्प यांनी कोणतेही अवघड गणित केले नाही. मॅडॉफ यांनी पाठवलेल्या कागदांवर ज्या व्यवहारांची नोंद होती, ते त्यांनी बाजाराच्या नोंदींशी एकेक करून ताडून पाहिले. अनेक व्यवहार, त्या दिवशी, त्या बाजारात, झालेच नव्हते. त्यांनी पैसे काढून घेण्याचा सल्ला दिला. मॅडॉफ यांचा घोटाळा जगापुढे आला तो डिसेंबर २००८मध्ये, सतरा वर्षांनी.

हे काम साहित्याच्या अभ्यासकांना अनोळखी वाटायला नको. हाती आलेली प्रत खरी मानायची नाही, दुसऱ्या प्रतीशी ती ओळीओळीने ताडून पाहायची, आणि जेथे ती फारच नितळ वाटते तेथे अधिक संशय घ्यायचा : आपण याला पाठचिकित्सा म्हणतो. हा संबंध आम्ही ओढूनताणून जोडत नाही. एकाच माणसाने पैशाचे गणित आणि पाठचिकित्सा ही दोन्ही कामे केल्याचे उदाहरण आपल्या जवळच आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) गोव्यात जन्मले, हार्वर्डला शिकले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. वित्तव्यवसायाशी त्यांचा संबंध नव्हता, उलट त्या व्यवस्थेचे ते कठोर टीकाकार होते. पण आपण शोधत असलेला क्रम त्यांच्याकडे अगदी स्वच्छ दिसतो. 'स्टेप्स इन सायन्स' या आत्मपर निबंधात त्यांनी सांगितले आहे, की संख्याशास्त्र आपले आपण शिकायचे तर एखादा प्रत्यक्ष प्रश्न हाती घेणे त्यांना आवश्यक वाटले. विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण हा एक प्रश्न झाला. प्राचीन आहत नाणी हा दुसरा. नाणे हातोहात फिरताना झिजते. जितके अधिक फिरेल तितके वजन घटते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. म्हणजे वजनांच्या वाटणीवरून नाणी किती काळ चलनात होती याचा अंदाज करता आला पाहिजे. त्यासाठी कोसंबींनी हजारो नाणी स्वतः तराजूत घालून तोलली. त्यांत आपल्या काळातली चलनातली नाणीही होती, कारण आधी पद्धतच तपासायची होती.

मग ही नाणी पाडली कोणी, हा प्रश्न आला आणि तो त्यांना संस्कृत ग्रंथांकडे घेऊन गेला. संस्कृतचा अभ्यास वाढत गेला, आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ साली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संख्याशास्त्र शिकायला निघालेला गणिताचा शिक्षक भर्तृहरीपाशी पोहोचला, तो कोणत्याही यादीमुळे नव्हे. एक प्रश्न दुसऱ्या प्रश्नाला जन्म देत गेला म्हणून. थॉर्प यांचा मार्ग पत्त्यांपासून बाजाराकडे गेला, कोसंबींचा नाण्यांपासून सुभाषितांकडे. दिशा उलट, पण चालण्याची रीत एक.

उत्तर

तेव्हा सुरुवात कोठून करावी, या मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. एखादा खरा, लहान आणि आपल्याला झोप न येऊ देणारा प्रश्न शोधावा. सोन्याच्या कर्जावर पेढी सांगते तो व्याजदर आणि प्रत्यक्षात पडणारा व्याजदर यांत फरक किती? भिशीत शेवटी उचल घेणाऱ्याचा खरा नफा किती आणि पहिली उचल घेणाऱ्याचे कर्ज किती महाग? विम्याच्या पॉलिसीत 'दुप्पट रक्कम' म्हणून जे दिसते, त्याचा वार्षिक दर काय? हे प्रश्न हाताने सोडवायला घेतले की पहिल्याच दिवशी चक्रवाढीचे सूत्र लागते, दुसऱ्या दिवशी समीकरण सुटत नाही म्हणून अंदाज करत करत उत्तराजवळ जाण्याची रीत लागते, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा येऊन आज्ञावली लिहावीशी वाटते. त्या कंटाळ्यातूनच पायथन शिकले जाते. यादी तेव्हा उघडावी. मग ती ओझे होत नाही, कोश होते.

यात फसवी दिलाशाची भाषा आम्हाला करायची नाही. साहित्याचा विद्यार्थी म्हणून गणिताची मेहनत चुकत नाही. थॉर्प यांच्यामागे वर्षानुवर्षांची गणिताची बैठक होती, आणि सिद्धता नसल्याची किंमत त्यांनाही द्यावी लागली. काही पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि त्या चढताना दमही लागतो. फक्त त्या कशासाठी चढतो आहोत हे ज्याला ठाऊक असते, तो मध्येच बसला तरी पुन्हा उठतो.

आणि शिक्षक म्हणून आमच्याही पदरी एक काम येते. यापुढे असा विद्यार्थी समोर आला, की मान डोलावण्याआधी त्याला विचारायचे : तुला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याच्यासोबत बसून प्रश्न शोधायचा. पुस्तकांच्या याद्या कोणीही देऊ शकतो. प्रश्न शोधायला शिकवणे, संशयाने वाचायला शिकवणे आणि 'जिंकणे' व 'अनुकूल' या दोन शब्दांतला फरक दाखवणे, हे आपले जुनेच काम आहे.